सँ बेटाची डोकी मोजू नका

मा. पर्यावरण मंत्री, फ्रान्स सरकार यांस,

सप्रेम नमस्कार.

ब्रेस्टला राहायला आल्यापासून मी दोनदा फ्रान्सच्या पश्चिम टोकापुढच्या सँ बेटावर जाऊन आलो. किनाऱ्यावरच्या ओदिएर्न बंदरातून बोटीने तासाभराची वाट. घरं वाऱ्याच्या भीतीने अंगाला अंग लावून उभी. मधल्या बोळी पिंप गडगडत नेता येईल एवढ्याच रुंद. जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम दीड मीटर वर. 1868 आणि 1896 साली समुद्र थेट गावात शिरला होता.

मी मूळचा देवबागचा, मालवणजवळचा. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यातला एक दगड सरकला, की पुढच्या उधाणाला मागची वाळू जाते, मग माड कलतो, मग पडवी. हे मी लहानपणापासून पाहिलंय.

बेटावर आज अडीचशेच्या आसपास माणसं राहतात. एवढ्यांसाठी बंधाऱ्यांवर इतका खर्च कशाला, असा शेरा आज ना उद्या फायलीवर पडेल. तेव्हा 1940 चा जून आठवा.

फ्रान्सने जर्मनीपुढे हत्यार खाली ठेवलं होतं. 22 जूनला बेटावरचे लोक रेडिओभोवती जमले, लंडनहून जनरल द गॉल लढा चालू ठेवा म्हणून सांगत होते. 24 आणि 26 तारखेला होड्या इंग्लंडकडे निघाल्या: वेलेदा, मारिस स्तेला, कोर्बो दे मेर. धड मिसरूड न फुटलेली पोरंही त्यांत होती. सव्वाशेहून जास्त पुरुष गेले. लंडनमध्ये पहिल्या स्वयंसेवकांची पाहणी करताना 'कुठला?' या प्रश्नाला 'सँ' हेच उत्तर इतक्यांदा आलं, की द गॉल म्हणाले, म्हणजे सँ बेट हा फ्रान्सचा चौथा हिस्सा झाला! त्यांतले 22 जण परतले नाहीत.

आणि मागे राहिल्या त्या बाया. काळी टोपडी घालणाऱ्या, दगडी गडग्यांमधल्या वावभर जमिनीवर बटाटे काढणाऱ्या. जर्मन पहाऱ्यात चार वर्षं त्यांनी पोरं जगवली. त्यांच्याबद्दल मला जास्त वाटतं.

1 जानेवारी 1946 ला तुमच्या सरकारने 'मुक्तिलढ्याचा साथी' हा किताब दिला, तो या बेटाला. असा मान फक्त पाच गावांना मिळाला. पॅरिस त्यांतलंच एक. साथी म्हटलंत ते या मातीला, आणि तीच समुद्र नेतोय.

म्हणून मागणी एकच. सँच्या बंधाऱ्यांसाठी दरवर्षी ठरलेली रक्कम अंदाजपत्रकात वेगळी ठेवा, लोकसंख्येशी न जोडता. आणि डागडुजी हिवाळ्यातल्या वादळांनंतर नको, सप्टेंबरपूर्वी उरका.

आपला,
ब्रेस्टमधला एक देवबागकर