दुपटी शिवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

सगळ्यांना वाचता येईल असं पत्र तुम्हाला लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. मंडळीत कोणी तुमचं कौतुक करू लागलं की तुम्ही पदर सारखा करत मागच्या बाकाकडे निघता. म्हणून नाव घालत नाही. पण आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचे आठवडे, तोंडावर आला आहे, आणि गेल्या वर्षी याच दिवसांत तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते माझ्यासारख्या आणखी बायकांपर्यंत पोचावं असं फार वाटतं.

आमचं बाळ पोटातच गेलं, त्यानंतरचा तो पहिला आगमनकाळ. उपासनेत लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय लागायचा. म्हातारपणी दिवस गेलेली अलीशिबा, तिला भेटायला डोंगराळ भागात गेलेली मरीया, उदरात उडी मारणारं बाळ. मला तिथे बसवत नसे. भेटायला येणारे म्हणायचे, "देवाची इच्छा." दुःखात असलेल्या बाईला हे वाक्य कोणी म्हणू नये. तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही घरी आलात, पिशवीतून जुन्या सुती साड्यांचे तुकडे काढलेत आणि एवढंच बोललात, "ऊसतोडीच्या टोळ्या आल्यात. दुपटी शिवायचीत. नाही जमलं तर नुसती बस माझ्याजवळ."

बाळांची दुपटी, आणि मी! पण तुम्ही माझ्याकडे दयेने पाहत नव्हतात, कामाला माणूस हवं म्हणून आला होतात. त्यामुळेच मी बसले.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. कारखान्याचं गाळप सुरू झालं की बीड, पाथर्डीकडची जोडपी प्रवरेच्या पट्ट्यात येतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, त्यामुळे दिवस भरत आलेली बाईसुद्धा पहाटेच्या अंधारात फडात उतरते, डोक्यावरून मोळ्या वाहते. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. डिसेंबरात थंडी मी म्हणत असते, आणि त्या कोपीत बाळं जन्मतात. उतारशाळेत जागा नव्हती हे वचन आपण दर नाताळात वाचतो. तुम्ही ते वाचून थांबत नाही, गव्हाणीत ठेवायच्या बाळाला गुंडाळायला काय लागेल ते शिवायला घेता.

शिवता शिवता तुम्ही मला किती शिकवलंत! नवं कापड घ्यायचं नाही. ते पहिल्या धुण्यात आटतं आणि शेजारच्या जुन्याला ओढून फाडतं. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात प्रभू नेमकं हेच सांगतो. तो सुताराच्या घरात वाढला खरा, पण मरीयेला ठिगळ लावताना त्याने पाहिलेलं असणार, असं तुम्ही म्हणालात. मला ते इतकं पटलं की तो अध्याय वाचताना आता तिचे हात दिसतात. सिंथेटिक साडी कितीही देखणी असली तरी तुम्ही बाजूला काढायचात. ती घाम टिपत नाही, आणि शेकोटीजवळ निजणाऱ्या बाळाला तिचा धोका. काठापासून सुरुवात करायची, तळहाताने सळ काढत चारी बाजूंनी फिरत मध्यावर यायचं, दोऱ्याची गाठ थरांच्या आत दडवायची म्हणजे बाळाला टोचत नाही. घाईने धावदोरा लांब पडला की तुम्ही काही न बोलता उसवून माझ्या हातात द्यायचात.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ! व्यासपीठावरून ती वाचायची वेळ आली की बहुतेक जण चटकन पुढे सरकतात. माझ्या मते ती दर आगमनकाळात मोठ्याने वाचली पाहिजे. तुम्ही एकेक तुकडा लावत एकेक नाव घ्यायचात. यहूदाची विधवा सून तामार, यरीहोची वेश्या राहाब, परक्या मवाबाची रूथ. मग उरीयाची बायको. तिथे तुम्ही थांबलात. "बिचारीचं नावसुद्धा लिहिलं नाही. बथशेबा म्हण," असं सांगून तुम्ही तिच्यासाठी पिशवीतला सगळ्यात चांगला, इरकलीचा तुकडा निवडलात. माणसांनी बाजूला टाकलेली ही सगळी नावं देवाने गोळा केली, एकाला एक जोडली आणि त्यांतूनच आपल्या पुत्राला ऊब दिली, हे मला कुठल्याही प्रवचनातून इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. तामारेच्या बाळाच्या हाताला सुइणीने लाल सूत बांधलं होतं, राहाबेने खिडकीला लाल दोरी बांधली होती. म्हणून तुमच्या प्रत्येक दुपट्याच्या काठाला एक ओळ लाल दोऱ्याची असते. घेणाऱ्या आईला हे कधी कळत नाही. कळायला हवं असा तुमचा आग्रहही नसतो.

एका दुपारी माझा बांध फुटला. तेव्हा तुम्ही मत्तयाचा दुसरा अध्याय काढून दिलात. मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, येऊन गेले, हेरोदाने बेथलेहेमातली बाळं मारली, आणि इस्राएलाची पूर्वमाता राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आहे. ती कोणाचं सांत्वन घेत नाही. "बघ, नाताळच्या गोष्टीतच आहे ती. देवाने तिला गप्प बसवलं नाही," तुम्ही म्हणालात. त्या रात्री मी पुष्कळ दिवसांनी प्रार्थना केली. प्रार्थना म्हणजे रडणंच होतं, पण ते त्याच्यापुढे होतं.

नाताळच्या आधी आपण कोप्यांवर गेलो. एका आईने दुपटं उलटसुलट करून पाहिलं, आणि ते अंथरायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून आपलं तान्हं सरळ माझ्याकडे दिलं. मी घेतलं. तुम्ही तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघत होतात, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याबद्दलही आभार.

माझं दुःख संपलेलं नाही. मात्र यंदा लूकचा पहिला अध्याय मी बसून ऐकणार आहे. आई आणि जावेकडून साड्या जमवल्यात, धुऊन उन्हात वाळवून ठेवल्यात. हे पत्र वाचणाऱ्या कोणाकडे जुन्या सुती साड्या, धोतरं असतील तर आगमनाच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर आणून द्यावीत. फॉल आणि टिकल्या तेवढ्या काढून. आणि मावशी, दोरा ओवताना तुमच्या डोळ्यांना आता त्रास होतो, तो यंदा घेऊ नका. तुमच्या सगळ्या सुया मी सकाळीच ओवून ठेवीन.

तुमची,
मंडळीतली एक लेक