आयसीयूनंतर चालायला कोण लावणार?

संपादक महोदय,

आयसीयूतून वाचलेले ज्येष्ठ नंतर महिनोन्महिने पलंगाला खिळतात आणि आपण 'आता वयच झालं' म्हणून मोकळे होतो. हे मला पटत नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू अवघ्या दहा दिवसांत सुमारे 18 टक्के रोडावल्याचे दिसले होते. माझ्या मामांना न्यूमोनियानंतर कमोडवरून उठताना वॉशबेसिन धरावे लागे, पाय लटपटत. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी होती, व्यायामाची एक ओळ नव्हती.

वास्तविक प्रकृती स्थिर होताच, प्रसंगी व्हेंटिलेटरवर असतानाही, तज्ज्ञांच्या देखरेखीत हातपाय हलवणे, पलंगाच्या कडेला बसवणे सुरू करता येते. घरी खुर्चीतून ऊठबस, वॉकर, बाथरूममध्ये धरायला दांडी आणि ताटात पुरेशी प्रथिने हवीत. नागपुरात तर मेडिकलमध्येच (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार) शिकवली जाते. तिथल्या प्रशिक्षणार्थींच्या, शिक्षकांच्या देखरेखीत, घरभेटी महापालिकेने सुरू कराव्यात. उन्हाळ्यात अशा रुग्णाला ऑटोत बसवून ओपीडीत नेणे म्हणजे त्याचे हालच. निदान प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर व्यायाम मराठीत, चित्रांसह छापावेत.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर