सोळाचे सहा झाले आणि केबल तापली

मा. संपादक,
स. न.

पेपरात आगीची बातमी आली की त्यात "शॉर्ट सर्किट" लिहिलेलं असतं आणि विषय संपतो, केबल मुळात तापली का हे कुणी विचारतच नाही, म्हणून आमच्याकडचं सांगतो. मी कुपवाड एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनलची ड्रॉइंगं काढतो.

गेल्या उन्हाळ्यात एका कारखान्यातनं फोन आला, ३० एचपीच्या कॉम्प्रेसरची केबल तापतीय, वास येतोय. वायरमनने लग, म्हणजे केबलच्या टोकाचे जोड, दोनदा टाईट केले होते तरी तेच. सप्लाय बंद करून लगेच केबलला हात लावला तर टर्मिनलपासून पाच फुटांवर पण चटका बसत होता. जोड ढिला असला की जोडापाशीच तापतं, इथं अख्खी केबल तापलेली. त्याआधी चालू लोडवर क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) लावला होता तर तिन्ही फेजला ४० अँपिअर, एवढी मोटर एवढाच करंट घेते, म्हणजे मोटर पण बरोबर. मोटरने जास्त करंट घेतला की सप्लाय तोडणारा ओव्हरलोड रिले मोटरच्या करंटवर सेट केलेला, केबल बारीक आहे हे त्याला कसं कळणार, तो ट्रिप होतच नाही. केबल ६ स्क्वेअर एमएमची (आतल्या तारेच्या जाडीचं माप) निघाली, आणि मी ड्रॉइंगात १६ लिहिली होती.

वायरमनने खिशातनं प्रिंट काढली, घडी पडून मळलेली, आणि त्यात खरंच ६ दिसत होते.

झालं असं की कामगारांना वाचता यावं म्हणून मी सूचना मराठीत टाकतो, आणि मजकूर जुन्या विकतच्या मराठी फॉन्टमध्ये होता. तो फॉन्ट त्यांच्या कॉम्प्युटरवर नाही. ऑटोकॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, अशा वेळी थांबत नाही, दुसराच फॉन्ट बसवून मोकळं होतं, कमांड लाईनवर एखादी ओळ येऊन जाते ती कोण वाचतंय. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरामागे इंग्रजी अक्षरच असतं म्हणून सूचनांचा कचरा झाला, पण आकडे आकडेच राहिले त्यामुळे कुणाला शंका आली नाही. नवीन फॉन्ट रुंद, मजकूर उजव्या टोकाला बांधलेला म्हणून तो डावीकडे सरकला आणि सोळातल्या इंग्रजी एकाचा दांडा बरोबर तक्त्याच्या उभ्या रेषेवर जाऊन बसला. राहिले सहा. वायरमनचा काय दोष? चूक माझी, डीडब्ल्यूजी फाईल (ऑटोकॅडची मूळ फाईल) तशीच मेल केली, सोबत पीडीएफ दिली नाही.

आता मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाकतो, त्यात मराठी अक्षर फॉन्ट बदलला तरी मराठीच राहतं, आणि निर्मला यूआय हा युनिकोड फॉन्ट विंडोज ८ पासून विंडोजसोबतच येतो. फाईल ई-ट्रान्समिटने (ऑटोकॅडमधली सोय, फॉन्टसकट गठ्ठा करते) बांधून देतो, पीडीएफ वेगळी देतो, आणि केबलचा साईझ आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहितो. मराठी टाकूच नका म्हणणारे भेटतात, ते मला अजिबात पटत नाही, पॅनल उघडणारा माणूस मराठीच वाचतो.

माझी मागणी एवढीच की आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या पोरांना फॉन्ट बदलला की ड्रॉइंगात काय काय हलतं हे प्रॅक्टिकलला करून दाखवावं, आणि तुमच्या वार्ताहरांनी आगीच्या ठिकाणी केबल किती स्क्वेअर एमएमची होती आणि लोड किती होता एवढे दोन प्रश्न विचारून ते छापावेत.

आपला,
एक ड्राफ्ट्समन, कुपवाड (जि. सांगली)