कबुतरांच्या खिंडीवरून

ग्राथालेमा, स्पेन
गुरुवार रात्र, एप्रिल

प्रिय रेवा,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर दोन मिनिटांत तू विषय बदलला असतास. सायकलचं नाव काढलं की तुझं काय होतं, ते सहा वर्षं बघतेय. म्हणून कागद घेऊन बसले. बाहेर पाऊस लागलाय, पोटऱ्या ठणकताहेत, समोर पाव आणि शेळीच्या दुधाचं चीज आहे. इथल्या शेळ्यांना 'पायोया' म्हणतात, आणि त्यांचं चीज इतकं चांगलं लागतं की पत्राआधी तेच संपेल.

सेव्हिलहून चार दिवसांची रजा काढून मी या डोंगरांत आले आहे. आंदालुसियातला, कादिस प्रांताचा हा कोपरा. उघड्या राखाडी चुनखडीचे डोंगर, खाली ऑलिव्हच्या बागा, आणि कड्यांना चिकटलेली पांढरी गावं. पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचे हात बसून बसून जुन्या भिंतींच्या कडा गोल झाल्यात, शेणानं सारवून सारवून आजोळच्या ओट्याच्या झाल्या होत्या तशा. मी काल एका भिंतीवरून नुसता हात फिरवत उभी राहिले.

आज थाआरा ते ग्राथालेमा केलं. अंतर अठराएक किलोमीटर, पण मधे पुएर्तो दे लास पालोमास आहे, म्हणजे कबुतरांची खिंड. उंची जवळजवळ बाराशे मीटर. खाली धरणाच्या काठापासून मोजलं तर आठशे मीटरच्या आसपास चढ. सिंहगडाचा घाट डोळ्यांपुढे आण, तोच लांब ओढलाय असं समज. डांबर चांगलं, आणि चढ एका लयीत चालतो, म्हणून श्वास सापडतो. शेवटच्या टप्प्यात वळणांवर वळणं आहेत. खाली बघितलं की आपणच चढून आलेला रस्ता दोरीसारखा पडलेला दिसतो आणि त्याच्याही खाली धरणाचं हिरवंनिळं पाणी.

थाआराचा किल्ला बघताना तुझी फार आठवण आली. गावाच्या डोक्यावर सुटा कडा आणि त्यावर एकटा बुरूज. मध्ययुगात ही कास्तियाचं ख्रिस्ती राज्य आणि ग्रानादाचं मुस्लिम राज्य यांच्यामधली सीमा होती. आजूबाजूच्या कितीतरी गावांच्या नावांत अजून 'दे ला फ्रोंतेरा', म्हणजे सीमेवरचं, असं शेपूट आहे. १४८१च्या डिसेंबरात, वादळी रात्री, ग्रानादाच्या सैनिकांनी तटाला शिड्या लावून हा किल्ला घेतला. तिथून जे युद्ध पेटलं ते १४९२ मध्ये ग्रानादा पडल्यावरच थांबलं. मधे १४८३ मध्ये कादिसच्या मार्केसनं, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती सरदारानं, थाआरा परत जिंकलं होतं. अंधारात कडा, शिड्या, बेसावध पहारा. आपल्यासारख्या सिंहगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलींना हे समजायला इतिहासाचं पुस्तक लागत नाही. मी बुरुजाखाली उभं राहून मनातल्या मनात तुला ती सगळी गोष्ट सांगितली.

मग चढाला लागले. चौथ्या-पाचव्या किलोमीटरला मागून ट्रकचा आवाज आला. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, पुढे आंधळं वळण. रेवा, तो आवाज ऐकताच माझे खांदे आखडले. ट्रक जवळ आला आणि जवळच राहिला. हॉर्न नाही, इंजिनाची गुरगुर नाही. माझ्या वेगानं, म्हणजे ताशी आठ किलोमीटरनं, तो वळण संपेपर्यंत मागे चालत राहिला. पुढचा रस्ता मोकळा दिसल्यावर पार पलीकडच्या बाजूला गेला आणि मग ओलांडून गेला. खिडकीतून हात बाहेर आला आणि "आनिमो!" अशी हाक. म्हणजे हिंमत धर, चल.

इथं कायदाच तसा आहे. सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडायचं. तेवढ्यासाठी, समोरून कोणी येत नसेल तर, मधली अखंड रेघ ओलांडायचीही मुभा आहे. २०२२ पासून, एका दिशेला दोन किंवा जास्त मार्गिका असतील तर सायकलला ओलांडताना पूर्णपणे शेजारच्या मार्गिकेत जायचं असाही नियम आला. दोघींनी शेजारी-शेजारी चालवणंही नियमात बसतं. पण कायदा वाचून माझे खांदे सैल झाले नसते. ते झाले त्या ट्रकवाल्यामुळे.

पुढच्या वळणावर मी उतरले आणि कठड्यावर बसून राहिले, कारण हात थरथरत होते. वरंध्याहून परतताना त्या पहाटे मी तुझ्या पुढे होते. तू दोनदा "हळू चल" म्हणालीस, ते मी ऐकलं होतं. मला उजाडायच्या आत भोर गाठायचं होतं. टेम्पोचा आरसा तुझ्या खांद्याला लागला तो आवाज माझ्या पाठीमागे झाला, आणि वळून बघायलाही मला क्षणभर उशीर झाला. तुझं हाड जुळलं, टेम्पो सापडला नाही, आणि तुझी सायकल गच्चीच्या जिन्यात टांगली गेली. मी तुला कधी म्हटलं नाही, आज म्हणते: मी मागे राहायला हवं होतं. माफ कर.

मी बसले होते तिथं खाली 'गार्गांता वेर्दे' नावाची खोल घळ आहे. तिच्या कड्यांवर गिधाडांची मोठी वस्ती आहे. बसल्याजागी, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर, आठ-दहा गिधाडं पंख न हलवता वर चढत होती. लहानपणी श्रीवर्धनला तुझ्या आजोबांनी आपल्याला दाखवली होती, आठवतं? मग गुरांच्या औषधातल्या डायक्लोफिनॅकनं आपल्याकडची बहुतेक संपली. २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. इथं ती अशी सहज दिसताना बरंही वाटलं आणि पोटात तुटलंही.

खिंड ओलांडली आणि हवा बदलली. अटलांटिकवरून येणारे ढग या डोंगरांना अडतात, वर चढतात, थंडावतात आणि बरसतात, आपल्या ताम्हिणीत होतं तसंच. म्हणून ग्राथालेमा स्पेनमधल्या सर्वांत पावसाळी गावांपैकी एक आहे, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. फक्त इथला पाऊस हिवाळ्याचा, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. उत्तरेच्या उतारांवर पिन्सापो नावाचा सूचिपर्णी वृक्ष टिकून आहे, हिमयुगाच्या काळातून मागे राहिलेला. दक्षिण स्पेन आणि उत्तर मोरोक्कोच्या मोजक्या डोंगरांपलीकडे तो रानात आढळत नाही. उतारावर थंडीनं बोटं गारठली, ब्रेक दाबवेनात. पुढच्या वेळी पूर्ण बोटांचे हातमोजे घ्यायचे, हे लिहून ठेव.

सेतेनिलला परवा गेले होते. घरांवर सबंध कडा छपरासारखा आलाय, पण अकरानंतर इतकी गर्दी की सायकल हातात धरून चालावं लागतं. सकाळी आठला जावं. दुपारी दोन ते पाच गावं मिटलेली असतात. दुकानं बंद, रस्त्यावर मांजरसुद्धा नाही. बाटली चौकातल्या कारंज्यावर भरायची, फक्त 'पिण्याचं नाही' अशी पाटी नाही ना ते बघायचं. न्याहारीला भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, ऑलिव्हचं तेल आणि मीठ. मी रोज दोन खाते.

आणि तुझ्यासाठी खास बघून ठेवलेला रस्ता ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो. छत्तीस किलोमीटर, एकही मोटार नाही. १९२०च्या दशकात इथं रेल्वेचं काम सुरू झालं होतं. बोगदे खोदले, पूल बांधले, स्टेशनं उभी केली, पण गाडी कधी धावलीच नाही. आता त्यावरून सायकली जातात. तीस बोगदे आहेत, आत गारवा आणि आपल्याच चाकांचा आवाज. ओल्वेराहून निघालं तर बहुतेक उतारच आहे. सगळीकडे डांबर नाही, खडी-मातीही आहे, तेव्हा रुंद टायर बरे.

पुढच्या एप्रिलमध्ये ये. ओल्वेराच्या रस्त्यानं सुरुवात करू, खिंडीचं नंतर बघू, नाही जमली तर नाही. मी मागे राहीन, सगळा वेळ. सेव्हिलमध्ये सायकल भाड्यानं मिळते, पण फ्रेमचं माप आधी सांगावं लागतं. तुझी उंची पाच फूट तीन इंच ना? पायाचं आतून माप, जांघेपासून टाचेपर्यंत, टेपनं घे आणि कळव. खांदा अजून दुखत असेल तर तेही लिही, म्हणजे हँडल थोडं उंच करायला सांगेन.

काकूंना नमस्कार.

तुझी,
मुक्ता