फ्लेमिंगचा डावा हात उजवा कसा झाला?

महोदय,

कालच्या शैक्षणिक पुरवणीतला हातवाऱ्यांवरचा लेख वाचला. शिक्षकाने खांबासारखे उभे राहून शिकवू नये, हे मान्य. पण त्यावर जो चार कॉलमी फोटो छापलात, त्यात गुरुजी फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम (चुंबकीय क्षेत्रातल्या धारावाहू तारेवर बल कोणत्या दिशेने लागते, हे बोटांनी ओळखायचा) चक्क उजव्या हाताने दाखवत आहेत, आणि फोटोखालची ओळ 'डाव्या हाताचा नियम' असेच म्हणते. गुरुजींना दोष देत नाही, कारण त्यांच्या शर्टाचा खिसासुद्धा उजव्या छातीवर गेला आहे. फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवलाय. चेहरा मजकुराकडे वळलेला दिसावा म्हणून पान लावणारे असे करतात. सत्कार-समारंभाच्या फोटोत ते खपूनही जाते.

इथे खपत नाही. तर्जनी चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने, मधले बोट विद्युतधारेच्या, अंगठा बलाच्या. कागदावर उत्तर ध्रुव डावीकडे, दक्षिण ध्रुव उजवीकडे आणि तारेतली धारा कागदाच्या आत जाणारी, असे गणित घ्या. डावा हात लावला तर अंगठा खाली जातो, आणि तारही खालीच ढकलली जाते. उजवा लावला की अंगठा वर. म्हणजे उत्तर थोडे चुकत नाही, नेमके उलटे येते. शिवाय उजव्या हाताचा नियमही फ्लेमिंगचाच आहे. डाव्या हाताचा मोटरसाठी, उजव्याचा जनित्रासाठी, म्हणजे वीज निर्माण करणाऱ्या यंत्रासाठी. उजव्या हातात अंगठा तारेच्या गतीची दिशा दाखवतो आणि मधले बोट निर्माण होणाऱ्या धारेची. दहावीची मुले दोन्ही नियम एकाच धड्यात शिकतात. त्यांचा गोंधळ आधीच पुरेसा आहे, त्यात वर्तमानपत्राने भर घालायची गरज नव्हती.

हा गोंधळ होतो कसा, यावर मात्र लेखात अवाक्षर नाही. शिक्षक वर्गाकडे तोंड करून डावा हात उचलतो. तो मुलांना त्यांच्या उजव्या बाजूला दिसतो, आणि आरशात पाहावे तशी मुले उजवा हात वर करतात. उपाय साधा आहे: वर्गाकडे पाठ करा, फळ्याकडे तोंड करा आणि हात डोक्याच्या वर धरा. दुसरी चूक मधल्या बोटाची. मुले ते तळव्याच्या पातळीतच ठेवतात आणि तर्जनीशी इंग्रजी व्ही होतो. ते तळव्यापासून पुढे काटकोनात यायला हवे, उरलेली दोन बोटे मिटलेली. एकदा हा सांगाडा जमला की बोटे हलवायची नाहीत. मनगट, कोपर, वेळ पडली तर अख्खे अंग फिरवायचे. आणि परीक्षेतली गंमत अशी की उजव्या हातात पेन असते, म्हणून मोकळा असलेला डावा हात पुढे येतो. मोटरच्या प्रश्नाला ते बरोबर बसते, जनित्राच्या प्रश्नाला घात होतो. 'पेन खाली ठेवा' हे शिकवतानाच मोठ्याने सांगावे लागते.

लेखात 'संशोधन सांगते' असे तीनदा आले आहे. कोणते, ते एकदा तरी सांगायचे! शिकागो विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो आणि सहकाऱ्यांचा २००९ चा प्रयोग पाहा. ३ + २ + ८ = __ + ८ अशा गणितात मुलांनी पहिल्या दोन अंकांखाली दोन बोटांचा व्ही धरायचा आणि मग रिकाम्या जागेकडे बोट दाखवायचे. त्या दोन अंकांची बेरीज करा, असे कोणीही सांगितले नव्हते. ते हातातून आले. काही मुलांना मुद्दाम चुकीच्या जोडीखाली, म्हणजे २ आणि ८ खाली, व्ही धरायला लावले होते. ती मुले हात न हलवणाऱ्यांपेक्षा पुढे गेली, पण योग्य जोडी धरणाऱ्यांच्या मागे राहिली. म्हणजे हात नुसते हलवून भागत नाही, ते कुठे ठेवले यालाही महत्त्व आहे. (व्ही अर्धवट चुकला तरी थोडे हाती लागते, फ्लेमिंगचा हातच बदलला तर ती सोय नाही.)

जाता जाता आणखी एक. हल्ली शिक्षकांकडून मोबाइलवर पाठाचे व्हिडिओ मागवले जातात. पुढच्या कॅमेऱ्याने काढले आणि सेटिंग तपासले नाही, तर काही फोन व्हिडिओ आरशासारखा उलटा साठवतात. फळ्यावर अक्षरे असतील तर लगेच कळते. नुसता हात असेल तर कोणालाच कळत नाही, आणि तो व्हिडिओ तसाच पन्नास ग्रुपवर फिरतो. मागवणाऱ्यांनी निदान 'मागचा कॅमेरा वापरा' एवढी ओळ सूचनेत घालावी.

दुरुस्ती छापणार असालच, तर आतल्या पानावर निविदांच्या शेजारी दोन ओळींत नको. तोच फोटो, त्याच पुरवणीत, तेवढ्याच आकारात छापा. खिसा गुरुजींच्या डाव्या छातीवर आला की समजा फोटो सरळ आहे.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, सातारा