अकराव्या दिवशी रुग्णाने काय करायचं? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचा निवृत्त गणित शिक्षक, वय ६४. गेल्या वर्षी मुंबईत कर्करोगामुळे माझ्या उजव्या फुप्फुसाचा वरचा खण काढला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं, खिशातून काही गेलं नाही. आभार आधीच मानून टाकतो, कारण पुढे तक्रार आहे. सिगारेट मी २७ वर्षं ओढली, तेव्हा आजाराबद्दल कुणाला बोल लावायचा नाही.

ऑपरेशनआधी छातीच्या डॉक्टरांनी एका नळीत जोराने फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात १.९ लिटर हवा बाहेर पडली. मग त्यांनी केसपेपरच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. दोन्ही फुप्फुसांचे मिळून १९ भाग धरायचे; उजव्या वरच्या खणात त्यातले ३. ते गेले की उरले १६. म्हणजे १.९ गुणिले १६ भागिले १९, उत्तर १.६ लिटर. इतकं सुटसुटीत गणित मी सहामाहीलासुद्धा कधी घातलं नव्हतं. "एवढ्यावर तुम्ही आरामात जगाल, गुरुजी," ते म्हणाले.

पण हे उत्तर तीन-सहा महिन्यांनंतरचं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत श्वास त्याच्याही बराच खाली जातो. बरगड्यांमधून चीर गेलेली, कुशीत नळी, नळीला बाटली. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि तिथे न्यूमोनियाला आयती जागा मिळते. वॉर्डातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी दुसऱ्याच दिवशी बाटली हातात देऊन मला चालवलं. छातीशी उशी दाबून खोकायला शिकवलं. तीन प्लास्टिकच्या गोळ्यांच्या यंत्रातून श्वास आत ओढायला लावायच्या आणि दुसरी गोळी वर टिकेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. शाळेत मी एवढा कडक नव्हतो.

मग सुट्टी झाली. योजनेत परतीच्या प्रवासाची सोय आहे आणि घरी सोडल्यावर पुढच्या १० दिवसांपर्यंतची सेवा आहे. मंत्रीमहोदय, आपल्याकडे दहावा-तेरावा गेलेल्या माणसाचा घालतात. मी जिवंत होतो, आणि अकराव्या दिवशी काय करायचं हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

गावात ते सगळ्यांना माहीत होतं: पडून राहायचं. "अर्धं फुप्फुस काढलंय, हलू नका," असं सांगायला रोज कुणी ना कुणी यायचं. (अर्धं नव्हे, एकोणिसातले तीन, हे मी कितींना सांगणार?) मी सहा आठवडे बाजेवर पडून राहिलो. खोकला वाढला, पिंढऱ्या वाळल्या, उजवा खांदा असा आखडला की खुंटीवरचा सदरा काढता येईना. जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपी विभागात गेलो, तर उत्तर मिळालं, "इथे गुडघे, कंबर आणि लकवा बघतो. फुप्फुसाचं मुंबईलाच विचारा." त्या मुलीचा राग नाही आला. तिला कुणी शिकवलंच नसेल, तर ती तरी काय करणार?

शेवटी लेकीने वॉर्डातल्या त्या मॅडमना फोन लावला. त्यांनी सांगितलेली चाचणी अशी: सपाट जागेवर ६ मिनिटं आपल्या चालीने चालायचं आणि अंतर मोजायचं. दवाखान्यात त्यासाठी ३० मीटरचा व्हरांडा लागतो. मी अंगणात चुन्याने खुणा केल्या. पहिल्या दिवशी २६० मीटर, तेही दोनदा थांबून. मग रोज चालणं, भिंतीवर बोटं चढवत खांदा सोडवणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं. दहा आठवड्यांनी ४१० मीटर, न थांबता.

यातली गंमत अशी की फुंकण्याचा आकडा व्यायामाने फारसा हलत नाही. कापलेला खण काही परत उगवत नाही. हलतो तो चालण्याचा आकडा, कारण आहे तेवढ्या प्राणवायूत जास्त काम करायला पाय शिकतात. कर्करोगासाठी फुप्फुसाचा भाग काढलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासांचे कॉक्रेनचे (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढावे हेच सांगतात: ऑपरेशननंतरच्या व्यायामाने चालण्याची ताकद वाढते, आणि ऑपरेशनच्या आधी केलेल्या व्यायामाने नंतरच्या गुंतागुंती कमी होतात. तारखेची वाट पाहत मी मुंबईत तीन आठवडे धर्मशाळेत नुसता बसून होतो. ते दिवसही कामी आले असते.

१९३३ साली अमेरिकेत सेंट लुईस इथे डॉ. एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी एका रुग्णाचं अख्खं डावं फुप्फुस एकाच ऑपरेशनमध्ये काढलं. तो रुग्ण, स्वतः डॉक्टरच, एका फुप्फुसावर पुढे जवळजवळ ३० वर्षं जगला. ग्रॅहम मात्र १९५७ साली फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. हे वाचल्यापासून मी १६ भागांबद्दल कुरकुर करणं सोडलं.

माझं मागणं नव्या इमारतीचं नाही. योजनेतलं फुप्फुसाचं ऑपरेशन टाके काढल्यावर संपलं असं धरू नका. आठ ते बारा आठवड्यांचा श्वसन-पुनर्वसनाचा, म्हणजे अशा शिकवलेल्या व्यायामाचा, भाग त्याच पॅकेजात घाला आणि त्याचे पैसे रुग्णाच्या जवळच्या सरकारी रुग्णालयाला द्या. जिल्ह्यातल्या फिजिओथेरपिस्टना मोठ्या कर्करोग रुग्णालयात काही आठवडे शिकायला पाठवा. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीच्या तारखेसोबत जवळच्या केंद्राचं नाव आणि घरी सोडलं त्या दिवशी रुग्ण ६ मिनिटांत किती चालला तो आकडा असू द्या. म्हणजे पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळेल. यंत्रं म्हणाल तर घड्याळ, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, एक खुर्ची. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या दम्यासारख्या जुनाट आजाराच्या, रुग्णांनाही हेच केंद्र चालेल, आणि चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायका आमच्याकडे कमी नाहीत.

जागा नाही, असं आपले अधिकारी बहुधा कळवतील. म्हणून आमच्या गावच्या सरकारी दवाखान्याचा व्हरांडा परवा मी मोजून आलो. ३२ मीटर भरला. मध्ये एक मोडकं कपाट आहे, तेवढं हलवावं लागेल.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक