आई-बाबा, बेसमेंटचं काय ठरवलं ते सांगते

प्रिय आई-बाबा,

आमच्या बेसमेंटमध्ये पावसाचं पाणी झिरपतंय, त्यावर फोनवर नीट बोलणं होत नाही, आई काळजीत पडते आणि बाबा लगेच उपाय सांगायला लागतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय.

बाबा, तुम्ही म्हणालात गच्चीला केलं तसं आतून चांगलं वॉटरप्रूफिंग मारून घे. तुमचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा तो थर, इतकी वर्षं टिकलाय हे खरंच आहे, पण तिथे पाणी वरून पडतं, कोबा पाण्याच्याच बाजूला आहे आणि त्याला उतार आहे. इथे न्यू जर्सीत भिंतीच्या पलीकडे माती आहे, पाऊस मुरला की ती पाणी धरून ठेवते आणि ते पाणी भिंतीला बाहेरून आणि फरशीला खालून दाबतं. आतून काहीही मारलं तरी पाणी त्याला मागून ढकलणार. आधीच्या मालकाने वॉटरप्रूफ पेंटच मारलेला, त्याचे आता पापुद्रे निघतायत आणि खाली पांढरी पावडर दिसते, बोटाने पुसली की जाते आणि पुढच्या पावसात परत येते. ते सिमेंटमधले क्षार, पाण्याबरोबर बाहेर येतात.

तरी खात्री करायला भिंतीवर फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून एक-दोन दिवस ठेवला. बाहेरची बाजू ओली झाली तर खोलीतल्या दमट हवेचं पाणी, त्याला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा शोषणारं मशीन, पुरतं. आमची भिंतीकडची बाजू ओली निघाली, म्हणजे पाणी बाहेरूनच येतंय.

मग आधी स्वस्तातलं काम केलं. हजार स्क्वेअर फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर जवळजवळ 2360 लिटर पाणी होतं, आणि छपराचं पाणी खाली आणणारा आमचा एक पाइप ते बरोबर भिंतीच्या कोपऱ्यात सोडत होता! तो लांबवला, आणि माती भरून दहा फुटांत सहा इंच उतार काढला. कोपरा खूप सुधारला, पण जोरात पाऊस झाला की भिंत आणि फरशी मिळते त्या सांध्यातून पाणी अजून येतंच.

एका सेल्समनने भिंतीच्या भेगेत इपॉक्सी (घट्ट होणारं रसायन) भरून द्यायचं कोटेशन दिलं, मला राग आला कारण ते ओतीव काँक्रीटच्या भिंतीला चालतं, आमची भिंत पोकळ ब्लॉकची आहे, एक भेग बुजवली तर पाणी ब्लॉकच्या आतून फिरून दुसरीकडून निघणार. बाहेरून घराच्या पायापर्यंत खणून भिंतीला मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा थर, लावायचं हे माझ्या मते सगळ्यात योग्य, पाणी भिंतीला लागतच नाही, पण त्यासाठी मागचा डेक काढावा लागेल आणि एका बाजूला तर शेजाऱ्यांचा ड्राइव्हवे आहे, खर्चही तिपटीच्या आसपास जातोय.

म्हणून आतून करतोय. कडेकडेने फरशी फोडून खाली खडी आणि भोकं असलेला पाइप, ब्लॉकच्या तळाला छिद्रं म्हणजे आत साठलेलं पाणी त्या पाइपात उतरेल, आणि तिथून खड्ड्यातला पंप ते घरापासून लांब टाकेल. बाबा, तुम्ही म्हणाल यात पाणी अडत नाही, नुसतं वाट काढून देतोय, आणि ते बरोबर आहे, भिंत बाहेरून ओलीच राहणार. पण दाब उतरतो आणि खोली कोरडी राहते. पंपाला बॅटरी बॅकअप घ्यायचाच असं मी अडून बसले, 2021 ला इडा वादळाचा पाऊस झाला तेव्हा न्यूअर्कला एका दिवसात आठ इंचांच्या वर पडला होता, तुम्ही रात्रभर फोन करत होतात आठवतंय ना, आणि लाइट जाते ती नेमकी अशाच वेळी.

आई, तुझा दमा आणि तिथली बुरशी, मला विचारही करवत नाही. कार्पेट उचकटून टाकलंय आणि तुमचा पलंग वरच्या खोलीत आणलाय, यावेळी तुम्ही वरच झोपायचं, तुझ्या गुडघ्यांनाही जिने नकोत. इन्शुरन्स असं झिरपलेलं पाणी धरत नाही, पण आम्ही पैसे बाजूला ठेवलेत, बाबा एफडी मोडायची नाही.

कोटेशन व्हॉट्सॲप करते. बाबा, पंपाच्या खड्ड्याला हवाबंद झाकण लिहिलंय का तेवढं बघा, इकडे जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी गॅस येतो त्यासाठी ते लागतं, आणि अजून काही खटकलं तर सही करायच्या आत सांगा.

तुमची,
पिंकी